लोखंडी बगळ्याची आई

स्टुडिओत त्याला सगळे ओठमास्तर म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं होतं. कारण माणसाच्या चेहऱ्यावर ओठांखेरीज आणखीही काही असतं, याची या गृहस्थाला खबरच नव्हती. त्याचं काम परदेशी कार्टून आपल्या भाषेत आणायचं. चित्रातलं तोंड उघडलं की शब्द सुरू झाला पाहिजे, मिटलं की संपला पाहिजे, आणि मध्येच ओठाला ओठ लागला तर तिथं प, ब किंवा म यांपैकी कुणीतरी हजर पाहिजे. आयुष्यभर हेच केल्यामुळे समोरचा काय बोलतो ते त्याला ऐकू येईनासं झालं होतं; तोंड कसं हलतं तेवढंच दिसे. बायको भांडायला लागली की तो तिच्या तोंडाकडे इतक्या तल्लीन होऊन बघे की पहिली काही वर्षं तिला वाटलं, नवरा प्रेमात आहे. मग एकदा ती ओरडून ओरडून दमली आणि हा म्हणाला, "शेवटच्या वाक्यात तोंड जरा जास्तच उघडलंस." तेव्हापासून ती त्याच्याशी पाठ करून भांडे.

ओठांखालोखाल त्याचं दुसरं कसब म्हणजे मेलेली माणसं जिवंत ठेवणं.

त्याचं असं झालं. चॅनेलनं एक जुनी जपानी मालिका विकत घेतली. एक बाप नसलेला पोरगा, त्याच्याजवळ उडणारा लोखंडी बगळा, आणि तो बगळा ज्यानं घडवला त्या लोहाराला शोधत पोरगा देशोदेशी हिंडतो, अशी गोष्ट. तिकडे ती एवढी गाजलेली की आजोबा झालेली माणसंही तिचं शीर्षकगीत ऐकून नाक पुसत. फक्त एक अडचण होती. ही मालिका त्यांनी मुलांसाठी केलेली असली, तरी तिच्यात माणसं पटापट मरत. पूर आला की मरत, बर्फ पडला की मरत, काहीच झालं नाही तर खिडकीशी बसून, बाहेर बघत, हळूच मरत. आणि आपल्या चॅनेलचा नियम असा, की मुलांच्या कार्यक्रमात कुणी मरायचं नाही, कुणी दारू प्यायची नाही आणि रडायचं असेल तर आटोपशीर रडायचं.

दारूचं सोपं होतं. ओठमास्तरनं तिचं लिंबाचं सरबत केलं. त्यामुळे त्या मालिकेत दणकट दणकट माणसं सरबत पिऊन भिंतीवर आपटत आणि बायकांच्या गळ्यात पडून हमसून रडत. मुलांना वाटे, लिंबं फार आंबट असतील. मरणाऱ्यांचं काय करायचं यावर मात्र त्यानं दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी त्याला आपला चुलतभाऊ आठवला. या चुलतभावाचा समुद्राकाठी बर्फाचा कारखाना होता आणि तिथं एकदा गेलेला माणूस सहसा परत येत नसे. झालं! लोखंडी बगळ्यात जो कोणी मरे, तो ओठमास्तरच्या लेखणीतून "समुद्राकाठच्या काकांकडे" रवाना होऊ लागला. म्हातारे गेले, सैनिक गेले, एक अख्खं गाव गेलं. प्रेतयात्रेत लोक ढसाढसा रडत आणि वरून आवाज येई, "काकांना आमचा नमस्कार सांगा हं!"

मुलं काही मूर्ख नसतात. महिन्याभरात सगळ्या शाळांना कळून चुकलं की समुद्राकाठी जाणं म्हणजे काय. कुणाचा आजोबा वारला की वर्गात कुजबुज होई, "समुद्राकाठी गेला." पुढे मोठी माणसंही तसंच म्हणू लागली. बोलायला बरं वाटतं, आणि हवाही चांगली.

तर आता ताई.

ताई म्हणजे ओठमास्तरची मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर हिनंच त्याला वाढवला. ऐन उमेदीत ती नाटकात कामं करायची आणि चांगली करायची. पण दौऱ्यावर जायचं म्हणजे भावाला कोण सांभाळणार, म्हणून नाटक सोडलं. लग्नाचं मनावर घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. भाऊ शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, आणि ताई घराच्या मागच्या खोलीत गेली. ती खोली अशी होती की पलंग टाकला तर दार उघडत नसे आणि दार उघडलं तर पलंगावर बसता येत नसे. ताईनं दार काढून टाकलं आणि पडदा लावला.

ओठमास्तरच्या बायकोला ही खोली हवी होती. बायको काही वाईट नव्हती. तिला फक्त आपली आई आणायची होती, आणि एका घरात दोन म्हाताऱ्या म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. चुलतभावाला तिनं पत्रही टाकलं होतं. कारखान्याच्या माथ्यावरची खोली रिकामी आहे, असं त्याचं उत्तर आलं होतं. थंडी असते, पण डास नसतात.

नेमकी त्याच सुमारास लोखंडी बगळ्यातली आई आली. पोरग्याची आई. तिच्यासाठी कुणी सापडेना, म्हणून ओठमास्तरनं ताईला नेऊन माइकसमोर उभी केली. ताईनं पहिलं वाक्य म्हटलं आणि काचेपलीकडे बसून रेकॉर्डिंग करणारा, ज्याला सगळे काचवाला म्हणत, त्यानं हातातला चहा खाली ठेवला. पोरग्याचा आवाज देणारी एक जाडजूड बाई होती. तीन लेकरांची आई, पण स्टुडिओत तिचं नाव 'पोरगा'च पडलेलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही हाक मारलीत ना, मला घरी जावंसं वाटलं हो."

घरी ओठमास्तरनं बायकोला ही बातमी दिली. बायको पाठ करूनच म्हणाली, "बरं झालं. वन्संचं काम चालू आहे तोवर राहू देत त्या इथं. चार लोक विचारतील, टीव्हीतली आई तुमच्याकडे राहते का म्हणून. पण अहो, काम संपलं की समुद्राकाठी. आत्ताच कबूल करा."

"कबूल," ओठमास्तर म्हणाला. तो तिच्या अंबाड्याकडे बघत होता. अंबाड्याला ओठ नसल्यानं त्याला नीट ऐकू आलं नव्हतं.

आणि मग नवव्या भागात आई मेली.

जपानहून टेप हप्त्याहप्त्यानं येत. पुढच्या हप्त्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसे. म्हणजे मालिकेचा शेवट न बघताच ओठमास्तर तिच्या सुरुवातीत ढवळाढवळ करत असे. लग्नाच्या मांडवात मुलाचं बारसं उरकण्यातलाच प्रकार. पण त्या दिवशी त्याला शेवटाची फिकीर नव्हती. पडद्यावर आई अंथरुणात डोळे मिटत होती, आणि मागच्या खोलीचा पडदा त्याच्या डोळ्यांसमोर हलत होता. आई काकांकडे गेली की ताई चुलतभावाकडे गेली.

तेव्हा त्याच्या हातून त्याच्या आयुष्यातली एकमेव प्रतिभेची गोष्ट घडली. आईच्या मरणाचा तुकडा त्यानं सरळ कापून फेकला. पोरगा बगळ्यावर बसून घर सोडतो, बगळा चोच उघडतो, मिटतो. मूळ मालिकेत हा बगळा मुका. ओठमास्तरनं त्या चोचीत ताईचा आवाज घातला! आई घरी सुखरूप आहे आणि बगळ्याच्या गळ्यातून पोराशी बोलते आहे. चोचीला ओठ नाहीत. तिथं प नको, ब नको, म नको. ताई मन मानेल तसं बोलू शकत होती. आणि ती बोललीही. "वादळ येतंय, कान झाक." "त्या सरबतवाल्यांच्या नादी लागू नकोस." "उपाशी झोपू नको रे राजा." पोरं टीव्हीला चिकटली. पोरांच्या आया दारात उभ्या राहून ऐकू लागल्या. जपान्यांना आपल्या बगळ्याला एवढी माया आहे हे माहीत नव्हतं, ते आपल्याकडे कळलं.

ताई बदलली. ती सकाळी उठून गरम पाण्याच्या गुळण्या करी, आवाज मोकळा करी, इस्त्रीची साडी नेसून भावाबरोबर निघे. जेवायला आता ती टेबलाशी बसे. पूर्वी ती नंतर जेवे. दुकानदार तिला म्हणे, "आई, बगळ्याला एकदा बोलायला सांगा ना," आणि ती भाजीची पिशवी हातात धरून तिथल्या तिथं बोले. बायको ओठ आवळून गप्प बसे. आवळलेले ओठ ओठमास्तरला फार आवडत. तिथं काही लिहावं लागत नाही.

"बाळ्या," ताई एकदा स्टुडिओतून येताना म्हणाली, "अजून किती भाग आहेत रे?"

"बगळा उडतोय तोवर चालणार. तू कशाला काळजी करतेस?"

"काळजी नाही रे. मला ना, आता त्या बाईची सवय झाली आहे."

शेवटचा हप्ता आला तेव्हा मात्र ओठमास्तर घामाघूम झाला. शेवटच्या भागात बगळा मोडून पडतो. पोरगा त्याचं डोकं छातीशी धरून गावी परत येतो आणि कुठं नेऊन पुरतो? तर आईच्या थडग्याशेजारी! थडग्यावर आईचं चित्र, आणि मग जुनी आठवण म्हणून आईचं ते मरण. अंथरूण, खिडकी, आणि हे एवढं मोठं तोंड पडदाभर, हळूहळू बोलणारं. कापायची सोय नव्हती. कापाकापी करून भाग आधीच एवढा आखूड झाला होता की आणखी कापला असता तर शीर्षकगीतच दोनदा वाजवावं लागलं असतं.

पण खऱ्या कारागिराला असल्या अडचणींनी चेव येतो. ओठमास्तरनं दोन दिवसांत तोड काढली. थडगं बापाचं. चित्र आईचं, कारण ते तिनं आपल्या हातानं तिथं ठेवलं. अंथरुणातली आई तापानं आजारी आहे, आणि शेवटी पडद्याबाहेरून तिचा आवाज येतो, "आता बरं वाटतंय, चल घरी." हे लिहून तो खूश होऊन चॅनेलच्या मॅडमकडे गेला.

मॅडमनी वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. या बाई इतक्या हळू बोलत की ओठमास्तरला त्या फार सोयीच्या वाटत.

"मास्तर, समोरच्या चॅनेलनं मागच्या महिन्यात काय केलं माहीत आहे? कुत्रा मारला."

"कुत्रा?"

"कार्टूनमधला. एक साधा कुत्रा, मास्तर! तोही दुय्यम भूमिकेतला. आणि सगळं गाव रडलं. जाहिरातवाले त्यांच्या दारात रांग लावून उभे आहेत. आणि आपल्याकडे एवढी सोन्यासारखी आई पडून आहे, आणि आपण तिला फुकट जगवतोय!"

"पण नियम..."

"नियम बदलला. आई मेली पाहिजे, आणि ताईंच्याच आवाजात मेली पाहिजे. बगळ्यातला आवाज म्हणजे पोराच्या मनातला आवाज होता, असं एका वाक्यात टाका कुठंतरी. तुम्हाला काय अवघड?"

ओठमास्तरनं टेबलावरचा कागद परत उचलला. त्याच्या त्या उचलण्याला मान द्यावा असं क्षणभर वाटतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आणि शेवटी तुमचं नाव टाकू. थडग्याच्या चित्रावर. एकट्याचं."

आता हे समजून घ्यायला हवं. त्यानं असंख्य तोंडांत शब्द घातले होते आणि त्याचं नाव पडद्यावर कधीच आलं नव्हतं. चहावाल्याचं यायचं. भाड्यानं आणलेल्या खुर्च्यांच्या दुकानाचं यायचं. मालिकेतल्या आईला ज्यानं हिंमत करून वाचवलं होतं, तो माणूस त्या खुर्चीत बसल्या बसल्या विरघळला.

"अक्षरं मोठी असतील ना?" त्यानं विचारलं.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. बायको कित्येक वर्षांनी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. "म्हणजे वन्संचं काम संपलं," ती म्हणाली, आणि सुंठेवाचून खोकला गेल्याचं समाधान लपवायला लगेच पुन्हा पाठमोरी झाली. ताईला सांगायचं काम दोघांनीही एकमेकांवर ढकललं, आणि शेवटी ते कुणीच केलं नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ताईनं कागद हातात घेतला, उभ्या उभ्या वाचला. मग भावाकडे पाहिलं.

"मरते होय रे मी?"

"हो गं. म्हणजे, तशी तू नवव्या भागातच मेली होतीस. मीच लांबवलं."

"उपकार झाले," ताई म्हणाली, आणि चष्मा पुसला.

ओठमास्तरनं आईच्या तोंडी लिहिलेलं वाक्य असं होतं: "मी सदैव तुझ्या हृदयात राहीन." ताईनं ते म्हटलं. बसलं नाही. पडद्यावर ओठ मिटत होते तिथं 'हृदय' आ वासून उभं होतं. दुसऱ्यांदा म्हटलं. 'सदैव' लोंबकळत राहिलं. काचवाला पलीकडून वैतागून खुणा करू लागला. ओठमास्तर पेन्सिल चावत खाली बसला. मॅडम मागच्या खुर्चीत बसून घड्याळ बघत होत्या.

"मी बोलू का माझ्या मनानं?" ताईनं विचारलं. "आवाज बंद करून ते तोंड मला एकदा दाखवा."

दाखवलं. ताईनं हनुवटी वर करून ते मोठं, फिकट, जपानी तोंड शेवटपर्यंत बघितलं. "लावा," ती म्हणाली. आणि चित्र सुरू झाल्यावर, माइककडे नव्हे तर बाजूला बसलेल्या भावाकडे बघत, अगदी साधेपणानं म्हणाली:

"दार लावून घे, बाळा. वारा येतोय. मी निघते."

पोरगा होणारी बाई तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. काचवाल्यानं मान खाली घातली. मॅडमसुद्धा घड्याळ बघायचं विसरल्या.

ओठमास्तर मात्र पडद्याकडे बघत होता. तो टुणकन उठला. "बसलं!" तो ओरडला. "'बाळा'ला ओठ मिटले, 'मी'ला मिटले! ताई, लोण्यासारखं बसलं गं! परत घ्यायची गरजच नाही!"

"नाही ना?" ताई म्हणाली. "मग झालं तर."

शेवटचा भाग दाखवायच्या दिवशी दुपारी ताई गेली. बॅग तिनं आधीच भरून ठेवली होती. गुळण्यांचा पेला मात्र मोरीवर विसरला. बायकोनं तो धुऊन आपल्या आईसाठी ठेवला. ओठमास्तर पोचवायला जाणार होता, पण संध्याकाळी नाव येणार होतं आणि गाडीला उशीर झाला असता तर पंचाईत झाली असती. "पुढच्या वेळी येतो," तो म्हणाला. पुढच्या वेळी म्हणजे काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

संध्याकाळी गावभर रडारड झाली. थडगं आलं. बगळ्याचं डोकं आलं. ताई मेली. आणि मग, थडग्याच्या चित्रावर, खालच्या बाजूला, ओठमास्तरचं नाव आलं. नेमकी त्याच जागी टूथपेस्टची पट्टी सरकत आली, आणि नावाचं फक्त पहिलं अक्षर आणि आडनावाचा शेवटचा काना तेवढा बाहेर राहिला. "कुठं आहे?" बायकोनं विचारलं. "ते बघ, दातांच्या मागे," ओठमास्तर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत पोरगा होणारी बाई धावत आली. "मास्तर, ताई कुठं आहेत? मला पाया पडायचंय त्यांच्या."

"ताई?" ओठमास्तर सहज म्हणाला. "ताई गेली काल. समुद्राकाठी. चुलतभावाकडे."

काचवाला उभा राहिला. त्याच्या मागोमाग सगळे उभे राहिले. बाईनं हंबरडा फोडला. तेव्हा कुठं ओठमास्तरच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. तो "अहो, तसं नव्हे" म्हणणार, तोच खांद्यावर मॅडमचा हात पडला.

"शेवटचं वाक्य बोलल्या ते खरंच शेवटचं होतं म्हणा की," त्या हळू म्हणाल्या. "आणि मास्तर, त्यांचा शेवट जवळ आलाय हे मनात ठेवून तुम्ही रेकॉर्डिंग पुरं केलंत. एक शब्द बोलला नाहीत. पुढची मालिका तुमची. सगळी. आणि नाव सुरुवातीला येईल, पट्टीच्या वर."

ओठमास्तरचं तोंड उघडलं होतं. ते तो मिटवू शकत होता, किंवा त्यात दोन शब्द घालू शकत होता. त्यानं मिटवलं.

"सांगितलं का हो त्यांना खरं?" रात्री बायकोनं विचारलं. "उद्या सांगतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या दाराशी ताईचा फोटो लागला. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट आली. शेवटचा भाग लोकाग्रहास्तव पुन्हा दाखवला, तेव्हा जाहिरातवाल्यांची रांग जिन्यापर्यंत गेली. आता सांगायचं म्हणजे ताईला परत जिवंत करण्याइतकंच अवघड झालं होतं, आणि तसंही बायकोची आई खोलीत येऊन राहिली होती. तिनं पडदा काढून दार लावलं होतं. आता पलंगच बाहेर होता.

पुढच्या मालिकेत एक म्हातारी होती. बोळक्या तोंडाची, चुलीशी बसून गोष्टी सांगणारी. आवाजाची चाचणी चालली होती. पोरगा होणारी बाई म्हातारी व्हायचा प्रयत्न करत होती आणि खोकत होती. "ताई असत्या तर!" काचवाला म्हणाला, आणि सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. काचवाल्यानं उचलला.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मास्तर," तो म्हणाला, "तुमच्यासाठी. आवाज... आवाज अगदी..."

सगळे बघत होते. ओठमास्तरनं फोन कानाला लावला. पलीकडे लांबवर बर्फ फोडायचं यंत्र खडखडत होतं.

"बाळ्या," ताई म्हणाली. "बरा आहेस ना? तुझ्या घरी फोन लावला तर कुणी बोलतच नाही. ऐक, इथं काही करमत नाही रे. गुळण्या करते रोज, आवाज ठेवलाय मी नीट. तुझ्या नव्या मालिकेत एखादी म्हातारी आहे का रे? असेल तर मी येते. राहीन कुठंही."

ओठमास्तरनं दाराशी लावलेल्या फोटोकडे पाहिलं. मॅडमकडे पाहिलं. पडद्यावरच्या म्हातारीकडे पाहिलं. तिचं बोळकं तोंड रिकामंच हलत होतं.

"राँग नंबर," तो म्हणाला.

पलीकडे यंत्र खडखडत राहिलं. ताई नाटकातली होती. समोरच्यानं काय दिलं की आपण काय द्यायचं, हे तिला कधी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

"असं होय," ती म्हणाली, पण त्या आवाजात नाही. कुणाचाही असेल अशा, चिरक्या, गावंढळ, म्हाताऱ्या आवाजात. "चुकून लागला असेल. माफ करा हं साहेब."

तो आवाज म्हातारीला अगदी चपखल बसला असता, हे ओठमास्तरच्या चटकन लक्षात आलं. त्यानं फोन ठेवला आणि पोरगा होणाऱ्या बाईला म्हणाला, "जरा चिरकं घे. गावंढळ. हां, तसं."